डिझेलमध्ये हवा कुठून येते : एका जुन्या जीपच्या नोंदी

गाडी १९९७ची, बंद टपाची डिझेल जीप. चार सिलिंडर, टर्बो नाही, कॉम्प्युटर नाही. डिझेल दाबानं पुढं पाठवणारा रोटरी पंप, ते फवारणारे चार नोझल, चार हीटर प्लग. पासिंग सोलापूरचं, एमएच १३. अण्णांनी मंगळवेढ्याच्या रानात जाण्या-येण्यासाठी घेतली होती. आता मी चालवते आणि तिचं कामही मीच बघते.

वाटेत बंद पडली की काय काय लिहायचं ते ठरवून घेतलं आहे. झटक्यात बंद पडली की गचके देत, किती चालल्यावर, गरमीचा काटा कुठं होता, टाकीत डिझेल किती होतं आणि परत चालू कशानं झाली. घरी आल्यावर जे काम केलं तेही त्याच वहीत.

८ फेब्रुवारी

थंडीत सकाळचा सेल्फ लांबत चालला होता, म्हणून आधी हीटर प्लग तपासले. वरची पट्टी सोडवली, बारा व्होल्टच्या बल्बची एक वायर बॅटरीच्या प्लसला आणि दुसरी एकेका प्लगच्या टोकाला लावली. बल्ब पेटला तर प्लग चांगला, नाही पेटला तर आतली तार तुटलेली. दोन गेलेले निघाले. चारही नवे बसवले, कारण जुन्या-नव्यांची जोडी लावली की काही महिन्यांत परत हेच काम निघतं.

या जातीच्या इंजिनात डिझेल थेट पिस्टनवर पडत नाही. सिलिंडरच्या वरच्या हेडमध्ये छोटी कोठडी असते, तिथं पडतं, तिथं पेटतं आणि मग खाली येतं. हवा साधारण बाविसाव्या हिश्शात दाबली जाते, तापते, पण कोठडीच्या गार भिंती ती ऊब ओढून घेतात. म्हणून थंडीत हीटर लागतोच. एका दमात पंधरा सेकंदांपेक्षा जास्त सेल्फ मारायचा नाही, मध्ये थांबायचं. सेल्फ जळाला तर धक्का मारायला माणसं शोधावी लागतात.

नवे प्लग लावल्यावर फरक पडला, पण पूर्ण नाही. काही सकाळी एका झटक्यात उठते, काही सकाळी बराच वेळ फिरून पांढरा धूर सोडते आणि मग पेटते. कारण सापडलेलं नाही, नोंद उघडी ठेवते.

आजच डिझेल फिल्टर बदलला, तळाच्या स्क्रूमधून पाणी सोडून पाहिलं, चमचाभर आलं. गाडीत ठेवायची पेटी भरली: फॅन बेल्ट, होज पाईप आणि क्लिपा, तांब्याची वायसरं, दहा ते एकोणीसचे रिंग पाने, पक्कड, दोन मीटर वायर, जुना टॉवेल, पाच लिटर पाणी.

२ मार्च

मंगळवेढ्याहून येताना मागं मालदांडीची पोती. बेगमपूरचा पूल ओलांडून कामतीकडे येत असताना गाडी गचके द्यायला लागली. ओढ कमी झाली, परत ओढली, परत कमी, आणि शंभर-दीडशे मीटरमध्ये बंद. गरमीचा काटा मध्यावर. डिझेलचा काटा पावाच्या जरा वर. सुमारे तीस किलोमीटर चालून.

डिझेल इंजिनाला हवा लागते, दाब लागतो आणि वेळेवर डिझेल लागतं. ठिणगी लागत नाही, त्यामुळं स्पार्क प्लग, कॉइल, पॉइंट असलं काही बघायचं नसतं. चालत्या इंजिनाचा दाब अचानक जात नाही, आणि एअर क्लीनर असा तासाभरात तुंबत नाही. राहतं डिझेल. त्यातही कशी बंद पडली यावरून अर्धं कळतं. झटक्यात, दिवा विझावा तशी बंद पडली तर बहुतेक वायरचं काम, गचके देत पडली तर डिझेल कमी येतंय किंवा त्यात हवा आहे.

फिल्टरच्या डोक्यावरचा हातपंप दाबला तर मऊ, काही धरतच नव्हता. मागून उसाच्या रिकाम्या ट्रॉल्या घेऊन एक ट्रॅक्टर येत होता. तो थांबला. "ताई, तुमी बसा सावलीला, मी बगतो की."

"हवा धरलीय, काढतेच आहे," म्हटलं.

तो हसला नाही की दूर झाला नाही. शेजारी उभा राहून म्हणाला, "मग तुमी स्क्रू बगा, पंप मी हाणतो." दोघांत हे काम निम्म्या वेळात होतं. एअर स्क्रू दोन आटे ढिला केला, तो पंप मारत राहिला. आधी नुसता फेस, मग फेस आणि डिझेल मिसळून, मग सलग धार. धार चालू असतानाच स्क्रू आवळला. सेल्फ मारला, उठली.

नुसत्या फिल्टरवर उठली नसती तर नोझलकडं जाणाऱ्या पाइपांचे नट एक एक करून ढिले करावे लागले असते, सेल्फ मारत, तिथून हवा निघेपर्यंत. त्या वेळी हात लांब ठेवायचा. नोझलच्या दाबाची बारीक धार कातडी फोडून आत जाते, आणि बाहेरून जखम टाचणीएवढी दिसली तरी थेट दवाखान्यात जावं लागतं. हे नव्यानं शिकणाऱ्या कुणालाही मी आधी सांगते.

४ मार्च

हवा कुठून शिरली ते शोधायचं.

या गाडीला टाकीजवळ वेगळा फीड पंप नाही. टाकीतून डिझेल ओढायचं कामही रोटरी पंपच करतो. म्हणजे टाकीपासून पंपापर्यंतचा सगळा रस्ता ओढीखाली असतो. तिथं भोक पडलं तर डिझेल बाहेर गळत नाही, हवा आत जाते. जमिनीवर डाग नाही, पाइपावर ओल नाही, तरी गाडी बंद. पंपाच्या पुढच्या भागात भोक पडलं तर डिझेल उडतं, वास येतो, डोळ्याला दिसतं. ओढीकडची बाजू काहीच दाखवत नाही. गळक्या टाकीला वाटेत साबण चोळून घर गाठता येतं, इथं ओलच नाही तर साबण कुठं चोळणार?

संशयाची जागा एक एक करून काढली. बँजो बोल्टची (पाइपाचं टोक धरणाऱ्या पोकळ बोल्टची) तांब्याची वायसरं बदलली. ती एकदा आवळली की दबतात, परत तीच लावली तर नीट बसत नाहीत. फिल्टरच्या खालच्या-वरच्या रिंगा नव्या. हातपंपाच्या दांड्यावरची ओ-रिंग काढली तर वाळून कडक झालेली, नखानं दाबली की तडकत होती. तीही नवी, डिझेल सोसणाऱ्या व्हिटॉन रबराची.

जुन्या डिझेल गाड्या वापरणाऱ्यांनी रबराकडं आता जास्त लक्ष द्यायला हवं. एप्रिल २०२०पासून देशभर भारत स्टेज सहाचं डिझेल मिळतं, त्यात सल्फर जास्तीत जास्त १० पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत १०. त्याआधी स्टेज चारमध्ये ५० होतं, आणि ही गाडी कारखान्यातून निघाली तेव्हा त्याहून किती तरी पट जास्त. सल्फर काढण्याच्या प्रक्रियेत डिझेलमधले अरोमॅटिक घटकही कमी होतात. जुने नायट्राईल रबराचे सील याच घटकांनी थोडे फुगून घट्ट बसलेले असतात. ते कमी झाले की सील आक्रसतात. हवेसाठी हे डिझेल चांगलं आहे, मला त्यात काही वाईट वाटत नाही. फक्त पंचवीस वर्षांपूर्वीचं रबर तसंच ठेवून चालणार नाही.

टाकी भरली, होटगीपर्यंत जाऊन आले. एकदम साफ.

३० मार्च

सात रस्त्याच्या सिग्नलला बंद. गचका नाही, धूर नाही, एकदम शांत. टाकी अर्ध्याच्या वर. सेल्फ जोरात फिरतो, पण पेटत नाही.

हे झटक्यातलं काम, म्हणून सरळ पंपावरच्या सोलेनॉइडकडं गेले. किल्ली फिरवली की त्याचा 'टक्' असा आवाज यायला हवा. करंट आला की तो आतली खिट्टी ओढतो आणि डिझेलची वाट मोकळी होते, करंट गेला की वाट बंद. किल्लीनं इंजिन बंद होतं ते यानंच. आवाज नव्हता. पेटीतली वायर बॅटरीच्या प्लसवरून थेट सोलेनॉइडला दिली, 'टक्' झालं, गाडी चालू. अशी वायर दिल्यावर किल्लीनं इंजिन बंद होत नाही, वायर काढूनच बंद करायची. शेजारी बसलेल्या माणसाला हे सांगून ठेवावं.

घरी बघितलं तर सोलेनॉइड चांगला होता, त्याच्या वायरीच्या टोकाची पकड, म्हणजे थिंबल, सैल होऊन हिरवा पडला होता. नवा थिंबल, वर रबराची टोपी. संपलं.

१३ एप्रिल

अण्णांना घेऊन तुळजापूरला. ऊन कडक होतं म्हणून पहाटेच निघालो, तरी तुळजापूरच्या अलीकडच्या घाटात चढावर बॅटरीचा लाल दिवा लागला. तो दिवा लागला की बरेच जण म्हणतात, चार्जिंग गेलं असेल, वर जाऊन बघू. इथं तसं करायचं नाही, आणि का ते नीट लिहिते.

या इंजिनात एकच फॅन बेल्ट पंखा, पाण्याचा पंप आणि अल्टरनेटर तिघांना फिरवतो. शिवाय अल्टरनेटरच्या पाठीवर व्हॅक्यूम पंप बसवलेला असतो. पेट्रोल इंजिनात थ्रॉटल बंद असताना हवा आत नेणाऱ्या मॅनिफोल्डमध्ये आपोआप व्हॅक्यूम तयार होतो आणि पायाला मदत करणारा ब्रेकचा बूस्टर त्यावर चालतो. डिझेलला तसा थ्रॉटल नाही, हवा मोकळी आत येते, म्हणून ब्रेकसाठी वेगळा व्हॅक्यूम पंप द्यावा लागतो. बेल्ट तुटला की चार्जिंग जातं, पाणी फिरायचं थांबतं आणि ब्रेकची मदतही जाते. बूस्टरमध्ये साठलेल्या व्हॅक्यूमवर एक-दोन दाबांपुरता ब्रेक मऊ राहतो, मग पेडल दगडासारखं कडक. ब्रेक लागतो, पण पूर्ण पायाचं बळ लावावं लागतं. घाटातून उतरताना हे कळलं असतं तर फार वाईट जागी कळलं असतं.

दिवा दिसला तेव्हा गरमीचा काटा अजून मध्यावरच होता. लगेच डाव्या बाजूला घेतली, पहिला गिअर, हँडब्रेक, मागच्या चाकाखाली दगड. बॉनेट उघडलं, बेल्ट नाहीच. त्याचे तुकडे पंख्याच्या जाळीत.

अण्णा म्हणाले, "झाकण उघडू नकोस गं."

नाहीच उघडलं. रेडिएटरच्या झाकणामुळं आत साधारण ०.९ बारचा जास्तीचा दाब असतो, त्या दाबाखाली पाणी शंभरच्या वर तापलं तरी उकळत नाही. झाकण काढलं की दाब जातो आणि सगळं एकदम वाफ होऊन अंगावर येतं. दरवर्षी उन्हाळ्यात यात कुणाचे तरी हात भाजतात.

इंजिन हात लावण्याजोगं होईपर्यंत थांबलो. अल्टरनेटरचा खालचा बोल्ट आणि वरच्या पट्टीचा बोल्ट सैल करून तो इंजिनाकडं ढकलला, पेटीतला बेल्ट चढवला, मग चाकाच्या पान्याचा दांडा अल्टरनेटर आणि इंजिन यांच्यामध्ये अडकवून बाहेर ताणला. एकानं ताणून धरायचं आणि दुसऱ्यानं बोल्ट आवळायचा. अण्णांनी या वयात दांडा धरला. बेल्टच्या सगळ्यात लांब मोकळ्या भागावर अंगठ्यानं दाबलं की साधारण सेंटीमीटरभर आत जायला हवा. जास्त सैल असेल तर घसरतो, जास्त ताणला तर अल्टरनेटर आणि पाण्याच्या पंपाची बेरिंगं खातो.

चालू करण्याआधी ब्रेकची परीक्षा: इंजिन बंद असताना पेडल चार-पाच वेळा दाबून कडक करायचं, तसंच दाबून धरायचं आणि सेल्फ मारायचा. इंजिन उठल्यावर पेडल पायाखाली थोडं खाली गेलं तर व्हॅक्यूम तयार होतोय. गेलं. दर्शन करून परत येताना घाट दुसऱ्या गिअरमध्ये उतरवला, आणि तामलवाडीपाशी थांबून नव्या बेल्टचा ताण परत एकदा पाहिला. नवा बेल्ट पहिल्या काही किलोमीटरमध्ये बसतो आणि सैल पडतोच.

१५ एप्रिल

बेल्ट तुटण्याआधी त्याच्यावर तेल पडत होतं. व्हॅक्यूम पंपाला इंजिनाचंच ऑइल जातं आणि एका रबरी पाइपनं परत इंजिनाच्या तळच्या ऑइल चेंबरमध्ये येतं. तो परतीचा पाइप क्लिपपाशी चिरला होता, थेंब थेंब ऑइल बेल्टवर उडत होतं, आणि ऑइलनं रबर फुगून मऊ पडतं. तो पाइप पूर्ण फुटला असता तर बेल्टचं सोडा, सगळं ऑइल रस्त्यावर गेलं असतं आणि इंजिन बसलं असतं. दोन्ही पाइप, ऑइलचा आणि व्हॅक्यूमचा, नवे घातले. हे दोन पाइप ज्यांच्या गाडीत जुने असतील त्यांनी आजच बदलावेत, असं मी ओळखीच्या प्रत्येकाला सांगत आहे.

रेडिएटरही उतरवला. आमच्याकडं बोअरचं पाणी घालायची सवय, आणि सोलापूरच्या बोअरला क्षार भरपूर. वरची टाकी उघडली तर नळ्यांची तोंडं पांढऱ्या खपल्यांनी भरलेली. रेडिएटरवाल्यानं सळ्या मारून साफ केल्या, टाकी परत डाग देऊन बसवली. आता फक्त कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर.

४ मे

परत हवा. तिऱ्ह्याच्या थोडं पुढं, मंगळवेढ्याकडं जाताना. तेच गचके, तोच मऊ हातपंप, एअर स्क्रूमधून तोच फेस. डिझेलचा काटा पावावर. हवा काढून उठली, मंगळवेढ्यापर्यंत गेली, येताना टाकी भरून आले तर घरापर्यंत एकदाही कुरकुर नाही.

मार्चमध्ये बदललेलं सगळं रबर नवं आहे, म्हणजे भोक दुसरीकडं आहे.

६ मे

फिल्टर आणि पंप यांच्यामधला रबरी पाइप काढून तिथं फूटभर पारदर्शक पाइप लावला. आत काय चाललंय ते डोळ्यांनी दिसावं म्हणून. मिस्त्रींना बोलावलं. अर्धा तास इंजिन चालू ठेवलं, रेस करून पाहिलं. एक बुडबुडा नाही.

मिस्त्री म्हणाले, "ताई, पंपाचा शाफ्ट सील असंल. पंप खोलून घ्या एकदा."

त्यांचं म्हणणं चुकीचं नाही, शाफ्टच्या सीलमधून हवा शिरते हे खरं आहे. पण पंप उतरवायचा म्हणजे टायमिंग परत लावायचं, कॅलिब्रेशन करायचं, आणि एवढं करून दोष दुसरीकडंच निघाला तर? डिझेल पंप आणि नोझलची दुरुस्ती करणाऱ्या पंपवाल्या मामांना विचारलं. पंप खोलून त्यांचीच कमाई होणार होती, तरी ते म्हणाले, "आधी बाहेरचं सगळं बघून या. पंप कुठं पळून जात नाही." अशी माणसं शहरात अजून आहेत म्हणून या गाड्या रस्त्यावर आहेत.

११ मे

वही उघडून बसले. गचके देत बंद पडली त्या नोंदी एकीकडं काढल्या. २ मार्च, काटा पावाच्या जरा वर. ४ मे, काटा पावावर. मधल्या दिवसांत पुण्याला जाऊन आले होते, टाकी भरून निघाले आणि इंदापूरला परत भरली, काही झालं नाही. सकाळी सेल्फ लांबतो त्या दिवसांपुढं काटा लिहिला होता, तेही सगळे अर्ध्याच्या खालचे. टाकी भरलेली असली की सकाळी लगेच उठते.

६ तारखेला बुडबुडा का दिसला नाही तेही आता कळलं. आदल्याच फेरीत टाकी भरली होती.

टाकीतून डिझेल एका उभ्या नळीनं वर येतं. ती नळी मधेच कुठं गंजून भोकाची झाली असेल तर टाकी भरलेली असेपर्यंत भोकही डिझेलमध्ये बुडालेलं, म्हणून डिझेलच येतं. पातळी भोकाच्या खाली गेली की हवा येते, शहाळ्याच्या नळीला वर चीर पडल्यावर येते तशी. थोडी थोडी हवा फिल्टरच्या वरच्या भागात साठत जाते, आणि साठून एकदम पंपात गेली की गाडी बंद. त्यामुळं घरून निघताना काही कळत नाही, वीस-तीस किलोमीटरनंतरच कळतं. रात्रभर गाडी उभी राहिली की त्याच भोकातून हवा शिरते आणि पाइपातलं डिझेल मागं टाकीत उतरतं. सकाळी पंप आधी रिकामा पाइप भरतो, मग इंजिन पेटतं. फेब्रुवारीतली उघडी नोंदही हीच असावी.

१३ मे

अंदाजावर टाकी उतरवायची नाही. आधी सिद्ध करायचं.

टाकीतलं डिझेल डब्यांत काढून पातळी पावावर आणली. पारदर्शक पाइप तसाच आहे. इंजिन चालू केलं, रेस वाढवली, आणि बारीक बुडबुड्यांची माळ वाहायला लागली.

मग टाकी बाजूला केली. पाच लिटरच्या स्वच्छ डब्यात डिझेल घेऊन फिल्टरच्या येणाऱ्या तोंडाला डब्यातला पाइप जोडला, परतीचा पाइपही त्याच डब्यात सोडला. डबा मुद्दाम जमिनीवर ठेवला. बरेच जण तो बॉनेटवर टांगतात आणि गाडी चांगली चालली की दोष टाकीत आहे म्हणतात. पण डबा पंपापेक्षा उंच असेल तर डिझेल आपल्या वजनानंच खाली येतं, ओढ राहत नाही, आणि फिल्टरचं किंवा पंपाचं सील खराब असलं तरी झाकलं जातं. डबा खाली असेल तरच पंपाला खरोखर ओढावं लागतं.

जमिनीवरच्या डब्यातून तासभर चालवली. पाइप काचेसारखा स्वच्छ. पंप निर्दोष, फिल्टर निर्दोष. मिस्त्रींना फोन करून सांगितलं. ते संध्याकाळी स्वतः बघायला आले आणि म्हणाले, "टाकी मी उतरवून देतो, एकट्यानं करू नका. जड असती."

१७ मे

टाकी खाली घेतली. वरची चकती सोडवून काट्याच्या फ्लोटसकट नळी बाहेर काढली. टाकीच्या साधारण मध्यापाशी नळीला दोन बारीक भोकं, आजूबाजूला गंजाचे फोड. खालचा भाग, जो कायम डिझेलमध्ये असतो, चकाकत होता. अण्णा गाडी कमी वापरत त्या काळात टाकी बरीच वर्षं अर्धीमुर्धीच असायची. वरच्या मोकळ्या जागेतल्या हवेतलं बाष्प रात्री गार पत्र्यावर आणि नळीवर जमतं, गंज तिथूनच धरतो.

टाकीला कुणालाही वेल्डिंग करू द्यायचं नाही. रिकामी दिसली तरी आत वाफ असते. नळी चकतीसकट पूर्ण वेगळी करून, धुऊन, वाळवून मगच वर्कशॉपला नेली.

तिथल्या कारागिरानं तांब्याची नळी सुचवली, वाकवायला सोपी म्हणून. मी पोलादीच घ्यायला लावली. तांबं आणि जस्त यांच्या संगतीत डिझेल लवकर खराब होतं, चिकट गाळ धरतो, आणि तो गाळ शेवटी नोझलच्या टोकाशी जातो. चकतीपाशी ब्रेझिंग केलं, खालचं टोक तळापासून जुन्या नळीएवढंच वर ठेवलं म्हणजे तळाचं पाणी ओढलं जाणार नाही. जाळी नवी. जोड तपासायला एक टोक बोटानं बंद करून नळी पाण्यात बुडवली आणि दुसऱ्या टोकातून फुंकलं. बुडबुडा नाही.

टाकी आतून डिझेलनंच दोनदा विसळली. पहिल्या वेळी तांबूस गाळ निघाला, दुसऱ्या वेळी बराच कमी. झाकणाचं श्वासाचं भोकही सुईनं मोकळं केलं. ते बुजलं की टाकीत पोकळी तयार होते आणि गाडी अशीच गचके देते. झाकण उघडल्यावर फुस्स आवाज आला तर तेच कारण समजावं.

२४ मे

टाकी मुद्दाम पावाच्या खाली ठेवून मंगळवेढ्याला गेले आणि आले. पेटीबरोबर दहा लिटरचा भरलेला डबा ठेवला होता, तो उघडावा लागला नाही. माचणूरला थांबून बॉनेट उघडून पारदर्शक पाइप पाहिला, मंगळवेढ्यात पाहिला, घरी पाहिला. बुडबुडा नाही.

पारदर्शक पाइप काढून तिथं डिझेलचाच रबरी पाइप परत लावला. साधा प्लास्टिकचा पाइप डिझेल आणि इंजिनाच्या उष्णतेनं कडक होतो, तपासणीपुरताच ठीक. तो गुंडाळून पेटीत ठेवला आहे. सकाळचा सेल्फ आता पातळी कितीही असली तरी एकसारखा.

२२ जून

पाऊस सुरू झाल्यापासून फिल्टरच्या तळाचा स्क्रू दर आठवड्याला उघडते. आज नेहमीपेक्षा जास्त पाणी आलं, जवळजवळ चहाचा अर्धा कप. काल डिझेल भरलं होतं. दोनदा सोडून स्वच्छ धार येईपर्यंत थांबले, मग हातपंप मारून हवा काढली. रोटरी पंपाचं वंगण म्हणजे त्यातून जाणारं डिझेलच, वेगळं ऑइल नाही. पाणी आत गेलं तर आतले घासणारे भाग काही मिनिटांत खरवडतात, आणि तो खर्च पूर्ण पंपाचा. पाणी सोडायला दोन मिनिटं लागतात.

१३ जुलै

चढावर काळा धूर दिसत होता म्हणून नोझल उतरवून पंपवाल्या मामांकडं नेले. टेस्टिंग मशीनवर तीन नोझल १२५ बारच्या आसपास उघडत होते आणि फवारा धुक्यासारखा बारीक, तिसऱ्या सिलिंडरचा शंभराच्या खालीच उघडत होता आणि टोकाशी थेंब लोंबत होता. टोक बदललं, आतली पातळ चकती वाढवून दाब बाकीच्यांच्या बरोबरीला आणला. बसवताना खालची उष्णतेची वायसरं चारही नवी घातली, पन्हाळीची बाजू बघून, कारण ती उलटी बसली की गॅस निसटतो आणि नोझल तापून जातं.

धूर गेला. मागच्या डाव्या चाकाचा ब्रेक सिलिंडर ओला दिसतोय, त्याचं किट आणून ठेवलं आहे. पुढच्या रविवारी मिस्त्री येणार आहेत.